चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहा: राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला एका फार्मासिस्टचं खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, नवी दिल्ली

प्रत माहितीसाठी: केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालय, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, महाराष्ट्र वैद्यकीय परिषद

महोदय,

२ ऑगस्ट २०२३ रोजी आयोगाने डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाचे नवे विनियम जाहीर केले. औषध जेनेरिक, म्हणजे मूळ नावाने लिहायचं, अक्षर वाचता येईल असं काढायचं, आणि समज देऊनही जे डॉक्टर ऐकणार नाहीत त्यांचा परवाना काही काळासाठी निलंबित करायचा, असं त्यात होतं. बरोबर तीन आठवड्यांनी, २३ ऑगस्टला, आयोगानेच ते विनियम स्थगित केले. तेव्हापासून ते तसेच लोंबकळत आहेत. सुधारून पुन्हा आणले नाहीत आणि रद्दही केले नाहीत.

त्या तीन आठवड्यांत इंडियन मेडिकल असोसिएशनने बरेच आक्षेप घेतले. एक असा होता की डॉक्टरने फक्त मूळ नाव लिहिलं, तर कोणत्या कंपनीची गोळी द्यायची हे रुग्णाची जबाबदारी असलेल्या डॉक्टरऐवजी औषध विकणारा माणूस ठरवेल, आणि ते रुग्णाच्या हिताचं नाही. औषध विकणारा तो माणूस म्हणजे मी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे, मी बी.फार्म. झालेली नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे, आणि या वादात आमच्यासारख्यांना कोणी काही विचारलेलं नाही. असोसिएशनचा आक्षेप पूर्ण चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. त्यावर पुढे सविस्तर लिहिते. पण आधी काउंटरच्या या बाजूने काय दिसतं ते सांगू द्या.

आमच्याकडे बीपी, शुगर, थायरॉइड आणि फिट्सच्या गोळ्या दर महिन्याला नेणारी माणसं आहेत. त्यातली बहुतेक शेतकरी किंवा शेतमजूर. चिठ्ठी काउंटरवर ठेवतात आणि पहिला प्रश्न विचारतात, किती होतील? आकडा ऐकला की चिठ्ठी उलटी फिरवून बघतात, मग म्हणतात, "बाई, दहा रोजाच्याच द्या सध्या. कापूस इकला का मंग बाकीच्या नेतो." बीपीची गोळी दहा दिवस घेऊन वीस दिवस सोडली तर काय होतं, हे आयोगाला मी सांगायला नको. त्या माणसाला लिहून दिलेल्या गोळीतलं औषध माझ्याच कपाटात दुसऱ्या नावाने, चांगल्या कंपनीचं, निम्म्याहून कमी किमतीत पडलेलं असतं. ते त्याला देणं माझ्यासाठी गुन्हा आहे.

गुन्हा हा शब्द मी रागाने वापरलेला नाही. औषध नियम १९४५ मधला नियम ६५ (११-अ) असं सांगतो की शेड्यूल एच किंवा एक्समधलं, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीतलं औषध चिठ्ठीवर असेल, तर त्याच्या बदल्यात दुसरं कुठलंही औषध देता येणार नाही, मग त्यात तोच घटक असो वा नसो. बीपी, शुगर, अँटिबायोटिक, फिट्स, हृदय यांची जवळपास सगळी औषधं शेड्यूल एचमध्ये येतात. म्हणजे डॉक्टरने ब्रँड लिहिला की माझ्या पदवीचा उपयोग संपला. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन २०१५ मला रुग्णाचं समुपदेशन करायला सांगतात. ते मी करते. गोळी कधी घ्यायची, कशाबरोबर घ्यायची, पायावर सूज आली तर काय करायचं, सगळं सांगते. हीच गोळी स्वस्तात आहे, एवढं सांगून मात्र गप्प बसावं लागतं, कारण ती देता येत नाही.

आता आयोगाकडच्या तक्रारी.

पहिली तक्रार स्थगितीबद्दल आहे, आणि तिच्याआडून जो गैरसमज पसरू दिला त्याबद्दल. आमच्या भागातले डॉक्टर आणि औषध कंपन्यांचे प्रतिनिधी म्हणजे एमआर, दोघेही सर्रास म्हणतात की जेनेरिकचा नियम मागे घेतला. तो मागे घेतलेला नाही. २०२३ चे विनियम थांबवतानाच आयोगाने २००२ चे विनियम पुन्हा लागू केले, आणि त्यातल्या कलम १.५ मध्ये डॉक्टरने औषध जेनेरिक नावाने लिहावं असंच म्हटलेलं आहे. मूळ कलमात "शक्य तोवर" अशी पळवाट होती. २०१६ मध्ये तेव्हाच्या भारतीय वैद्यकीय परिषदेने ती काढून टाकली आणि वाचता येईल अशा, शक्यतो कॅपिटल अक्षरांत, असं जोडलं. २०१७ च्या एप्रिलमध्ये परिषदेने परिपत्रक काढून याची आठवणही करून दिली. म्हणजे आज, या क्षणी, ब्रँडचंच नाव लिहिलेली चिठ्ठी आपल्याच नियमात बसत नाही. आयोगाने डॉक्टरांना आणि रुग्णांना हे नीट समजावून सांगितलं का? स्थगितीची बातमी पहिल्या पानावर आली. जुना नियम लागू आहे ही गोष्ट मात्र लोकांपर्यंत पोचली नाही.

हे आजचं नाही, हेही नोंदवते. जयसुखलाल हाथी समितीने १९७५ मध्ये ब्रँडची नावं टप्प्याटप्प्याने बंद करावीत असं सुचवलं, त्याला पन्नास वर्षं झाली. २००८ मध्ये जन औषधी योजना आली. आता तिची दुकानं देशभरात पंधरा हजारांच्या वर गेली आहेत, आणि तिथली औषधं ब्रँडपेक्षा ५० ते ८० टक्के स्वस्त असतात असं सरकारच सांगतं. पण त्या दुकानात ब्रँडची चिठ्ठी घेऊन गेलेल्या माणसाच्या बाबतीत तिथल्या फार्मासिस्टचे हात माझ्याइतकेच बांधलेले आहेत. सरकारने एका हाताने दुकान उघडलं आणि तिथे चालेल अशी चिठ्ठी लिहायला डॉक्टरला कोणी सांगितलं नाही.

दुसरी तक्रार शिक्षणाची. ही तर सर्वस्वी आपल्या अखत्यारीतली आहे. एमबीबीएसचा विद्यार्थी औषधशास्त्र शिकतो तेव्हा मेटफॉर्मिन, ॲम्लोडिपिन, ॲटोर्व्हास्टॅटिन हीच नावं शिकतो. परीक्षेत हीच नावं लिहितो. पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत हीच नावं येतात. मग इंटर्नशिपनंतर वर्ष-दोन वर्षांत असं काय होतं की तीच व्यक्ती औषधाचं नाव सोडून कंपनीने ठेवलेलं नाव लिहू लागते? उत्तर सगळ्यांना माहीत आहे. कॉलेज सुटल्यावर त्याला औषधं शिकवायला एमआर येतो. बॅग उघडतो, नमुन्याच्या गोळ्या ठेवतो, नाव तोंडात बसेपर्यंत दर महिन्याला फिरकतो. डॉक्टरांना भेटवस्तू, प्रवास, पाहुणचार घेण्याची मनाई आपल्या पूर्वसुरींनी २००९ मध्येच केली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा भेटवस्तूंवरचा खर्च कंपन्यांना करातून वजा करता येणार नाही असा निकाल दिला. मार्च २०२४ मध्ये औषधविपणनाची नवी आचारसंहिता आली. एमआर लोकांच्या संघटनेनेच या विषयावर सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आहे. ती ऐकताना मे २०२५ मध्ये न्यायमूर्तींनी तोंडी म्हटलं की डॉक्टरांनी फक्त जेनेरिक औषधंच लिहावीत असं कायद्याने बंधन असेल तर हा सगळा प्रश्न सुटेल. विकणारी माणसं याचिका करतात, न्यायालय बोलतं, आणि ज्या आयोगाच्या हातात लेखणी आहे तो गप्प राहतो. हे मला पचत नाही.

तिसरी तक्रार रुग्णाच्या जिवाशी निगडित आहे, म्हणून तिच्यावर जास्त बोलते. ब्रँडच्या नावांनी फक्त खिसा कापला जात नाही, माणसाला इजाही होते. आमच्याकडचे एक काका तालुक्यातल्या डॉक्टरांची बीपीची गोळी घेत होते. मुलाकडे नागपूरला गेले, तिथे चक्कर आली म्हणून दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी त्यांची गोळी लिहून दिली. काका दोन्ही घेऊ लागले. डबे वेगळे, रंग वेगळे, नावं वेगळी. दोन्हींत ॲम्लोडिपिनच होतं. पाय सुजले, उठताना डोळ्यापुढे अंधारी येऊ लागली. परत येऊन काउंटरवर पिशवी उलटी केली तेव्हा मला ते दिसलं. दोन्ही चिठ्ठ्यांवर "ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम" एवढं लिहिलं असतं, तर कुठल्याही फार्मासिस्टने दुसरी चिठ्ठी बघताच विचारलं असतं, आधीची गोळी चालू आहे का? पॅरासिटामॉलचं तर विचारूच नका. तापाची, अंगदुखीची, सर्दीची, कंबरदुखीची अशा चार वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांत ते असतं आणि माणूस चारही घेतो.

नावांचा गोंधळ कुठवर जातो याचं एक उदाहरण वर्तमानपत्रांत आलेलं आहे. लिनामॅक या एकाच नावाने एक गोळी मधुमेहासाठी, लिनाग्लिप्टिनची, आणि दुसरी मल्टिपल मायलोमा या कर्करोगासाठी, लेनालिडोमाइडची, अशा दोन्ही बाजारात होत्या. नाव एकच आहे, आजार दोन आहेत, आणि दुसरी गोळी मधुमेहाच्या माणसाच्या पोटात गेली तर काय होईल ते आपण जाणता. २०१९ पासून नवा ब्रँड आणताना ते नाव आधी कोणी वापरलेलं नाही असं कंपनीला लिहून द्यावं लागतं. पण असं लिहून घेतलं म्हणून माझ्यापुढच्या घाईत खरडलेल्या चिठ्ठीत "एएम" आहे की "एमएच" हे ठरत नाही. एका ब्रँडच्या मागे प्लस, फोर्ट, डी, एच, एएम, एमटी अशी शेपटं लागतात, आणि प्रत्येक शेपटाने आतलं औषध बदलतं. डॉक्टरला फोन लावावा तर ओपीडी चालू असते. अंदाजाने गोळी द्यायची मला मुभा नाही आणि इच्छाही नाही. मग रुग्ण एसटीने परत जातो.

चौथी तक्रार आहे रुग्णालयाच्या आवारातल्या मेडिकलची. मोठ्या शहरांतली रुग्णालयं रुग्णांना स्वतःच्याच मेडिकलमधून औषधं घ्यायला लावतात, हा विषय सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने याबाबत धोरण ठरवण्याचं काम राज्यांवर सोपवलं. तालुक्यात त्याचं छोटं रूप दिसतं. दवाखान्यालाच लागून मेडिकल, आणि चिठ्ठीवर असा ब्रँड जो जिल्ह्यात दुसरीकडे कुठेच मिळत नाही. धंद्यात या कंपन्यांना आम्ही प्रोपगंडा कंपन्या म्हणतो. हिमाचलातल्या बद्दीसारख्या ठिकाणी दुसऱ्याच्या कारखान्यात माल बनवून घ्यायचा, गोळ्यांच्या पत्त्यावर (स्ट्रिपवर) आपलं नाव छापायचं, एमआरपी भरपूर ठेवायची, आणि ठरावीक डॉक्टरांच्या भागात ठरावीक दुकानातच विकायचा. अशा ब्रँडच्या बाबतीत "मी विश्वासाच्या कंपनीचं औषध लिहितो" हा डॉक्टरांचा युक्तिवाद कुठे टिकतो, मला कोणी सांगावं. ती कंपनी डॉक्टरच्या दवाखान्याबाहेर कोणालाच माहीत नसते. मूळ नाव लिहायची सक्ती झाली तर हा प्रकार एका दिवसात अडचणीत येईल. विरोध कुठून होतो हे समजून घेताना आयोगाने हेही ध्यानात घ्यावं.

आता डॉक्टरांची बाजू. ती मला रोज ऐकायला मिळते आणि तिच्यात दम आहे.

डॉक्टर म्हणतात, औषधाच्या दर्जाची हमी द्या, मग आम्ही मूळ नाव लिहू. देशात बनणाऱ्या औषधांपैकी ०.१ टक्क्याहूनही कमी मालाची तपासणी होते, असं असोसिएशनचं म्हणणं आहे. आकडा तपासून घ्या. पण दर्जाची चिंता खोटी नाही. आमच्या विदर्भ-मराठवाड्यातच काय काय झालं बघा. नागपूर जिल्ह्यात सरकारी दवाखान्यांना पुरवलेल्या बनावट अँटिबायोटिकच्या प्रकरणात पोलिसांनी २०२४ मध्ये आरोपपत्र दाखल केलं. त्या गोळ्यांत टाल्कम पावडर आणि स्टार्च होतं. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात पुरवलेल्या ॲझिथ्रोमायसिनच्या गोळ्यांत ॲझिथ्रोमायसिनच नसल्याचं डिसेंबर २०२४ मध्ये उघड झालं. अशा बातम्या वाचल्यावर डॉक्टरने ओळखीचं नाव धरून ठेवलं तर त्याला एकदम लबाड ठरवणं मला पटत नाही. मीही माझ्या घरच्यांसाठी गोळी काढताना पत्ता उलटा करून कोणी बनवलं ते बघते.

पण ब्रँडचं नाव म्हणजे दर्जाचा दाखला, हे गृहीतक मात्र मला मान्य नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात मुलं दगावली. कितीतरी मुलांना शेवटच्या अवस्थेत आमच्या नागपूरला आणलं होतं. त्यांना दिलेल्या खोकल्याच्या औषधाला कोल्ड्रिफ असं छान ब्रँडनाव होतं, ते डॉक्टरने लिहून दिलं होतं, आणि तमिळनाडूच्या तपासणीत त्यात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल हे विष सापडलं. हेच विष १९८६ मध्ये मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमध्ये निघालं होतं, चौदा माणसं गेली होती, न्या. लेंटिन आयोग बसला होता. एकदा ते ब्रँडच्या बाटलीत सापडलं, एकदा रुग्णालयाने खरेदी केलेल्या साध्या मालात. रॅनबॅक्सी तर देशातली सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी एक होती, तिने २०१३ मध्ये अमेरिकेत निकृष्ट औषधं विकल्याचा गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरले. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दर महिन्याला दर्जात न बसलेल्या बॅचची यादी काढते. ती एकदा बसून वाचा. नावाजलेल्या ब्रँडच्या बॅचही तिच्यात सापडतील. दर्जा बॅच तपासून कळतो, आणि तपासणी झाली की नाही हे आज डॉक्टरलाही कळत नाही आणि मलाही कळत नाही. जन औषधीचा माल प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासूनच गोदामातून निघतो असं सरकार सांगतं. मग ते अहवाल बॅच नंबर टाकून कोणालाही बघता येतील असे का ठेवत नाहीत? तसं झालं तर डॉक्टरांचा निम्मा अविश्वास तिथेच संपेल.

दुसरा मुद्दा आहे तो दुकानदाराच्या हाती निवड जाण्याचा. मी दुकानदार आहे म्हणून स्पष्ट लिहिते, कारण बाहेरच्या माणसाला हे फारसं माहीत नसतं. आमच्याकडे जेनेरिक म्हणून जो माल येतो त्यात बराचसा असा असतो, की कंपनी त्याचा प्रचार डॉक्टरांकडे करत नाही, थेट आम्हाला विकते. पत्त्यावर एमआरपी ब्रँडच्या आसपास छापलेली, आणि आमचा खरेदी भाव त्याच्या काही अंशाने. वर स्कीम, दहावर दोन-तीन फुकट. किंमत नियंत्रणाखालच्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के मार्जिन आहे. या मालावर मार्जिनची मोजदाद करायला गेलं तर टक्केवारीच्या भाषेत बोलायची लाज वाटते. काही दुकानदार त्यातला मोठा हिस्सा गिऱ्हाइकाला सवलत म्हणून देतात, काही देत नाहीत. उद्या आपण डॉक्टरला मूळ नाव लिहायला लावलं आणि बाकी सगळं असंच ठेवलं, तर एमआरची बॅग दवाखान्यातून उचलून माझ्या काउंटरवर येईल. सर्वात जास्त मार्जिनची गोळी रुग्णाच्या पिशवीत जाईल आणि त्याचं बिल फार उतरणार नाही. असोसिएशनची भीती इथे खरी आहे. पण त्यावर उपाय डॉक्टरने ब्रँड लिहीत राहणं हा असू शकत नाही. उपाय एमआरपीवर आणि मार्जिनवर करायला हवा, आणि तो सरकारच्या हातात आहे.

तिसरी गोष्ट काही विशिष्ट औषधांची. थायरॉक्सिन, फेनिटॉइन, वॉरफॅरिन, सायक्लोस्पोरिन अशा औषधांत मात्रेतला थोडा फरकही महाग पडतो. फिट्सचा माणूस एका कंपनीवर स्थिर झालेला असताना त्याची कंपनी दर महिन्याला बदलू नये, हे मला शिकवलेलं आहे. स्थगित झालेल्या विनियमांतही अशा औषधांना आणि बायोसिमिलर औषधांना (जैविक औषधांसारख्या बनवलेल्या औषधांना) अपवाद होता. यादी मात्र जाहीर नव्हती. २०१७ पासून नीट न विरघळणाऱ्या गटातल्या औषधांना मंजुरी घेताना ती मूळ औषधाइतकीच रक्तात उतरतात हे दाखवणं सक्तीचं झालं. त्याआधी बाजारात आलेल्या औषधांचं काय? अमेरिकेत कोणतं औषध कोणत्या औषधाच्या जागी चालेल याची सरकारी यादी १९८० पासून निघते, आणि तिथे दहातल्या नऊ चिठ्ठ्यांवर जेनेरिकच दिलं जातं. आपला देश जगभर जेनेरिक पुरवतो म्हणून छाती फुगवतो आणि आपल्याच फार्मासिस्टला अशी एक यादी देत नाही.

आणि हे होऊ शकतं का, असा प्रश्न असेल तर लांब जायला नको. आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात डॉक्टर मूळ नावाने औषधं लिहितात आणि रुग्णालय स्वतः खरेदी करून ती स्वस्तात देतं. आमच्या गावचे लोक तिथे जाऊन येतात आणि तिथली चिठ्ठी मला दाखवतात. ती वाचायला मला कधी भिंगही लागत नाही की फोनही करावा लागत नाही. राजस्थानात २०११ पासून मोफत औषध योजनेत सरकारी डॉक्टरांना मूळ नाव लिहायची सवय लावली गेली.

अजून एक गोष्ट, जी दिल्लीतून दिसत नसावी. माझ्या काउंटरवर येणाऱ्या चिठ्ठ्यांतल्या कितीतरी बीएएमएस (आयुर्वेद) आणि बीएचएमएस (होमिओपॅथी) डॉक्टरांच्या असतात. महाराष्ट्रात त्यांच्यातल्या अनेकांना ॲलोपॅथीची औषधं लिहिण्याची परवानगी राज्य सरकारने दिलेली आहे. आपला नियम त्यांना लागू होत नाही. म्हणून ही प्रत राज्यालाही पाठवते आहे. नियम करायचा तर चिठ्ठीला लागू होईल असा करा, पदवीला नको.

माझ्या मागण्या अशा.

आयोगाने आधी एक साधं पत्रक काढावं, की २०१६ मध्ये दुरुस्त झालेलं कलम १.५ आजही लागू आहे. त्याला नवा कायदा लागत नाही, स्थगिती उठवावी लागत नाही, एक सही लागते. त्यानंतर २०२३ च्या विनियमांतलं जेनेरिकचं कलम बाकीच्यांपासून वेगळं काढून, तारीख देऊन लागू करावं. डॉक्टरला एखाद्या कंपनीचा भरवसा असेल तर मूळ नावाच्या खाली कंपनीचं नावही लिहू द्या, माझी हरकत नाही. पण औषधाचं नाव आधी आणि ठळक हवं. औषधाच्या पत्त्यावर मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा किमान दोन मापांनी मोठं छापायची सक्ती २०१८ पासून कंपन्यांवर आहेच, मग चिठ्ठीवर ते का नको?

कंपनी बदलू नये अशा औषधांची यादी जाहीर करा आणि ती प्रत्येक दवाखान्यात आणि मेडिकलमध्ये लावायला सांगा.

नियम ६५ (११-अ) मध्ये दुरुस्ती करावी असं आरोग्य मंत्रालयाला लेखी कळवा. तोच घटक, तीच मात्रा, तोच प्रकार, आणि रुग्णाची संमती असेल तर नोंदणीकृत फार्मासिस्टला बदल करता यावा. बदललेलं औषध, कंपनी आणि बॅच नंबर बिलावर छापला जावा. डॉक्टरला बदल नको असेल तर त्याने चिठ्ठीवर "बदलू नये" असं कारणासह लिहावं. आमच्यावर विश्वास नसेल तर नोंद तपासा, चूक करणाऱ्याचा परवाना काढा. अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक आमच्याकडे येतातच. आणि दुकानात फार्मासिस्ट प्रत्यक्ष हजर असण्याचा नियम कडक करा. परवाना एकाचा आणि काउंटरवर दुसराच, अशी दुकानं आहेत, हे आम्हालाही माहीत आहे आणि निरीक्षकांनाही.

डॉक्टरांकडे प्रचार न होता थेट दुकानदाराला विकल्या जाणाऱ्या मालाच्या मार्जिनला मर्यादा घाला. माझं उत्पन्न कमी होईल. होऊ द्या. सगळ्या कंपन्यांच्या गोळीवर मला सारखंच मिळालं, तर कोणती गोळी द्यायची हे ठरवताना माझा खिसा मध्ये येणार नाही, आणि डॉक्टरांनाही माझ्याबद्दल शंका घ्यायचं कारण उरणार नाही.

बॅच तपासणीचे अहवाल उघडे करा. २०२३ पासून तीनशे मोठ्या ब्रँडच्या पाकिटांवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो सगळ्या औषधांना लावा आणि त्यात तपासणीचा निकाल दिसू द्या.

आणि वैद्यकीय महाविद्यालयांना सांगा की इंटर्नशिपच्या वर्षात विद्यार्थ्याने लिहिलेली चिठ्ठी मूळ नावानेच असली पाहिजे. पुढच्या पिढीसाठी तरी हे कठीण नाही, त्यांना दुसरी नावं अजून शिकवलेलीच नाहीत.

शिक्षेबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. पहिल्याच चुकीला परवाना काढून घेण्याची भाषा ग्रामीण भागात करू नका. आमच्याकडे डॉक्टर आधीच कमी आहेत. समज द्या, नाव नोंदवा, पुन्हा झालं तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेने बोलवावं. पण तक्रार कुठे करायची याचा पत्ता आणि फोन रुग्णाला दवाखान्याच्या भिंतीवर मराठीत दिसू द्या.

या पत्राची प्रत मी आमच्या तालुक्यातल्या डॉक्टरांनाही देते आहे. त्यांच्यातले काही जण आधीपासूनच मूळ नाव लिहितात, आणि बाकीच्यांशी मला भांडण नको आहे. रोज एकमेकांचं काम पडतं. आयोगाकडून मला सहानुभूती नको, लेखी उत्तर हवं आहे. स्थगिती उठवायची नसेल तर तसं कारणासह जाहीर करा, म्हणजे जुन्या कलमाच्या आधारे महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे दाद मागायची की उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जायचं, हे आम्हाला ठरवता येईल.

आपली,
एक नोंदणीकृत फार्मासिस्ट
जिल्हा यवतमाळ